बंगलोरचा मुका औट

बंगलोरहून परतल्यापासून जो तो मला विचारतो, लालबाग पाहिली का, विधानसौध पाहिलं का, म्हैसूर सिल्क आणलं का. यातलं काही झालं नाही. विधानसौध रिक्षाच्या उजव्या हाताला होतं म्हणे, पण नेमका तेव्हाच माझ्या मांडीवरचा दहीभाताचा डबा उलटला आणि मी पदर पुसत बसले. आम्ही तिथे जे पाहिलं, ते पाहायला म्हणून बंगलोरला कुणी जात नाही. निदान आमच्या पंचक्रोशीतून तरी कुणी गेलेलं नाही. म्हणून ते लिहून ठेवते आहे, पण त्याआधी आमच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं.

आमचं गाव कृष्णाकाठचं आणि आमचं घर शोभेची दारू करणाऱ्यांचं. दसऱ्याला गावच्या देवाची पालखी उठते तेव्हा पहिला औट आमच्या घराने उडवायचा, अशी चाल आहे. औट म्हणजे आभाळात जाऊन फुटणारा गोळा. जमिनीत पुरलेल्या लोखंडी उखळीत तो सोडायचा, तळाच्या दारूला हाताने बत्ती द्यायची आणि झटकन बाजूला व्हायचं. त्याचे दोन आवाज होतात, एक खाली उखळीत आणि एक वर आभाळात. खालचा आवाज देवाचा आणि वरचा माणसांचा, असं गाव मानतं. खालच्या दणक्यावर शिवेपर्यंतच्या बायका ओळखतात की पालखी उठली, आणि उंबऱ्यावर दिवा ठेवतात. आमच्या पहिल्या औटानंतर मग सगळ्याच घरांचे औट सुटतात आणि गावात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही.

ही बत्ती आजवर माझे सासरे, म्हणजे मामंजी, देत आले. गेल्या वर्षापासून त्यांचे हात कापायला लागले. चहाची बशी तोंडाशी नेईपर्यंत निम्मा चहा धोतरावर सांडतो. तेव्हा या दसऱ्याला बत्ती दत्ता देईल, असं त्यांनी एके दिवशी जेवताना सांगून टाकलं. दत्ता म्हणजे आमचे हे. ह्यांनी मान डोलावली आणि आणखी एक भाकरी मागितली. मी गावच्या शाळेत मास्तरीण आहे, सगळं गाव मला विचारून अर्ज लिहितं, पण या बाबतीत मला कुणी विचारलं नाही. माझ्या धाकट्या दिरांची, शेखरभाऊजींची, डाव्या हाताची दोन बोटं त्याच उखळीने नेली आहेत. त्यानंतर ते शिकायला बाहेर पडले, बंगलोरला इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत लागले आणि दसऱ्याला म्हणून पुन्हा गावी आले नाहीत.

गणपती झाल्यावर त्यांचा शेजारच्या एसटीडी बूथवर फोन आला. "वहिनी, खाली दारू न घालता औट वर पाठवायचं यंत्र केलंय मी. इथल्या एका मोठ्या पार्कने घेतलंय. आबांना दाखवायचंय."

माझं तिथेच ठरलं. मामंजींनी ते यंत्र पाहायचं, त्यांना ते पटायचं आणि ह्यांच्या हातात बत्ती येऊच द्यायची नाही. यंत्राचं नाव काढलं असतं तर मामंजी जागचे हलले नसते, म्हणून मी नातीचं नाव काढलं. नात रांगायला लागली तरी आजोबांनी तिचं तोंड पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे खोटंही बोलावं लागलं नाही.

मडिवाळ

शेखरभाऊजी मडिवाळला वरच्या मजल्यावर भाड्याने राहतात. दारातच माझी जाऊ सरोजा उभी होती. तिच्या माहेरची माणसं कैक पिढ्या बंगलोरात आहेत, चिकपेठेत कापडाचं दुकान आहे. तिचं मराठी आपल्यासारखंच, फक्त मधेमधे कन्नडच्या वाटेने जाऊन येतं.

"या अक्का, या की आत! मामा, चप्पल तिथंच सोडा, सरी? स्वल्प बसा, कॉफी आणते."

मामंजींनी तोवर कॉफी घेतलेली नव्हती. पितळेच्या छोट्या पेल्यात फेसाळ कॉफी आली. पेला खोलगट वाटीत ठेवलेला, त्यामुळे हात कापले तरी सांडलेली कॉफी त्या वाटीतच राहिली. मामंजींनी ती वाटीतून प्यायली आणि कुणाला काही कळलं नाही असं त्यांना वाटलं. मला ही पद्धत फार आवडली. येताना मी तसली एक वाटी आणि पेला घेऊनच आले आहे.

नातीने आजोबांची मिशी धरली ती सोडेना. मामंजी तसेच वाकून बसून राहिले. शेखरभाऊजी कामावरून आले तेव्हा बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मामंजी म्हणाले, "बारीक झालास." भाऊजी म्हणाले, "नाही, तसाच आहे." एवढ्यावर दोघांचं बोलणं संपलं. मिशी सुटली नाही ते बरं, नाहीतर काय बोलावं हा प्रश्न दोघांनाही पडला असता.

जेवायला सरोजाने नाचणीचे मुद्दे केले होते. नाचणीच्या पिठाचा हा मोठा मऊ गोळा असतो, त्याचा तुकडा तोडून सारात बुडवायचा आणि न चावता गिळायचा. मी सवयीने चावला आणि तो टाळूला असा चिकटला की माझा वर्गातला आवाजच बंद झाला. हे हसून हसून लाल झाले. मामंजींच्या तोंडात दात मोजकेच, त्यांना मात्र हे अन्न आपल्यासाठीच केलंय असं वाटलं. आमच्याकडे पुरुषांची पंगत उठल्यावर बायका बसतात. इथे सरोजाने सगळ्यांना एकदमच बसवलं, आणि मामंजींनी काही न बोलता आपलं ताट थोडं सरकवून मला जागा करून दिली. मला ते बरं लक्षण वाटलं.

बंगलोरची हवा मात्र लोक सांगतात तशीच आहे. भाद्रपदातलं ऊन, तरी अंगाला चिकटत नाही. रस्त्यांवर झाडांची अशी दाटी की रिक्षा बोगद्यातून गेल्यासारखी जाते.

पीण्या

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी आम्हाला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, पीण्याला नेलं. तिथे गल्लोगल्ली लेथ चालतात. ज्या वर्कशॉपमध्ये त्यांनी यंत्र करून घेतलं होतं तिथे, आवारात ते उभं होतं.

मामंजी त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घालून आले. आमची उखळी आखूड, जाड, काळीठिक्कर. ही नळी माणसापेक्षा उंच, चकचकीत आणि सडपातळ. तिच्या पायाशी पंक्चरवाल्याकडे असते तशी हवेची टाकी, फक्त कितीतरी जाड पत्र्याची.

"या टाकीत हवा दाबून भरायची," भाऊजी सांगू लागले. "मधे हा व्हॉल्व्ह. लांबून बटण दाबलं की तो एका झटक्यात उघडतो आणि सगळी हवा गोळ्याला खालून ढकलते. खाली जाळ नाही, धूर नाही. पार्कवाल्यांना धुराचाच त्रास होता. वारा तळ्याकडून येतो, दोन गोळे सुटले की लोकांना नुसता धूर दिसायचा."

"आन् वर गेल्यावर कसा फुटनार? वात कुठाय?"

भाऊजींनी खिशातून कागदाची पुडी काढली. तिच्यात नखाएवढी हिरवी पट्टी होती, तिच्यावर काळे ठिपके आणि चांदीच्या रेषा. "हे घड्याळ. गोळ्याच्या पोटात बसतं. सेकंदाचे तुकडे मोजतं आणि सांगितलेल्या क्षणीच ठिणगी पाडतं. हवा किती भरली त्यावर उंची ठरते. गाण्याच्या नेमक्या ठेक्यावर, नेमक्या उंचीला फुटतो."

मी ती पट्टी तळहातावर घेतली. आमच्या घरात वात वळायला सासूबाई बसायच्या, सुताला दारू चोळून, बोटाने मापून. कधी वात लवकर जळे, कधी उशिरा, आणि औट कधी घरांच्या माथ्यावर फुटे तर कधी पडता पडता. ते सगळं या नखात मावलं होतं. मला एकदम गहिवरून आलं, आणि का ते मला तिथे सांगता आलं नसतं.

मामंजींनी नळीच्या तोंडात हात घालून बाहेर काढला आणि बोटं नाकाशी नेली. "ह्येला वासच न्हाई."

"उडवून दाखवा की," हे म्हणाले.

पण नेमकी वीज गेलेली. कॉम्प्रेसर चालेना, टाकीत हवा नाही. वर्कशॉपचे मालक अण्णा म्हणाले की संध्याकाळपर्यंत करंट येणार नाही, कॉफी घ्या. म्हणजे इतक्या लांब येऊन आम्ही नुसतं उभं लोखंड पाहिलं.

मामंजींनी कॉफी घेतली नाही. "शेखर, खालचा आवाज कसा येतो ह्येचा?"

"येत नाही आबा. नुसती हवा सुटते."

"मग देवाचा आवाज?"

मामंजी माझ्याकडे वळले, कारण एव्हाना त्यांना सगळं समजलं होतं. "सूनबाई, नातीचं तोंड बघितलं. लई झ्याक झालं. पर दसऱ्याला बत्ती दत्ताच देनार. आपल्या घरानं कवा देवाचा वाटा चुकवला न्हाई."

माझा तोल गेला. "मग या साली बत्ती मी देते, मामंजी. ह्यांना घरी बसू द्या."

"बाईमानसाचं काम हाय व्हय ते?"

"का? बाईला बोटं कमी असतात?"

बोलून गेल्यावर मला कळलं की शेखरभाऊजी समोरच उभे आहेत. त्यांनी डावा हात पँटच्या खिशात घातला. परतताना रिक्षात मामंजी पुढे बघत होते, हे बाहेर बघत होते आणि मी माझ्या पायांकडे.

बेळ्ळंदूरचं तळं

सकाळी घरात कुणी कुणाशी बोलेना तेव्हा सरोजाने सरळ रिक्षा बोलावली. पुरुष घरात राहिले, आम्ही दोघी जावा बेळ्ळंदूरच्या तळ्यावर गेलो. वाटेत एक अफाट माळ लागला, त्यावर ओळीने दगड रोवलेले आणि मधेच एखादं घर. सरोजा म्हणाली, हा एचएसआर लेआउट, इथे आता मोठी वस्ती होणार. मला तरी तिथे गाढवं आणि दगडच दिसले.

तळं मात्र असं की माझ्या तोंडून आपोआप "आई गं" निघालं. पलीकडचा काठ धुक्यात हरवलेला. अलीकडे हिरवीगार भातखाचरं, त्यांत बगळे, आणि पाण्यात मान तेवढी वर काढलेल्या म्हशी. आमची कृष्णा वाहते, तिला कुठे तरी जायचं असतं. हे पाणी नुसतं पसरून पडलं होतं आणि सगळं आभाळ त्यात उतरलं होतं.

सरोजाने भाजलेल्या शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवल्या. "अक्का, काल तुम्ही म्हटलं ते ह्यांना लागलं नाही. मी विचारलं रात्री."

"माझं मलाच लागलंय गं."

"दिवाळीत हे दार लावून आतच बसतात. खाली पोरं लवंगी फटाका लावली तरी घाम येतो. आणि काम धरलं ते हेच! मी म्हटलं, तुम्हाला दुसरं काम नाही की काय? तर म्हणतात, आबांसमोर एकदा तरी औट नीट वर गेला पाहिजे. स्वल्प हट्टी आहेत."

तोवर मला वाटत होतं की माझी लढाई माझ्या एकटीची आहे.

पार्कमधली संध्याकाळ

त्याच दुपारी, नातीला शेजारणीकडे ठेवून, आम्ही भाऊजींचा खेळ पाहायला निघालो, सरोजाच्या आग्रहाने मामंजीही निघाले. पार्कची वाट इलेक्ट्रॉनिक सिटीवरून जाते. नावावरून मला वाटलं होतं की तिथे दिव्यांचा झगमगाट असेल. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंना नाचणीची शेतं, निलगिरीची झाडं, मधेच काचेची एखादी इमारत आणि तिच्या फाटकाशी शेळ्या. त्यातल्याच एका इमारतीत भाऊजी काम करतात. ते नखाएवढं घड्याळ तिथे झालं, असं सरोजाने दाखवलं तेव्हा मामंजींनी मान वळवून ती इमारत दिसेनाशी होईपर्यंत पाहिली.

पार्कात घरांपेक्षा उंच पाळणे होते. एका पाळण्यात माणसांना बांधून उलटं टांगतात आणि ती माणसं जिवाच्या आकांताने किंचाळतात.

"तिकीट काढून वरडत्यात व्हय ही?" मामंजी म्हणाले. पीण्यानंतर ते पहिल्यांदाच माझ्याशी बोलले.

"हो, आणि रांगेत उभी राहून."

त्या दिवशी नव्या यंत्राचा पहिला खेळ होता. लोक तळ्याकाठच्या उतारावर गवतात बसलेले. आम्हाला अगदी पुढची जागा दिली होती. समोर एक दोरी, दोरीपलीकडे चार पावलांवर वाळूच्या पोत्यांची भिंत आणि तिच्याआड भाऊजींचं टेबल. त्याच्याही बऱ्याच पुढे, मोकळ्या माळावर, त्या नळ्या उसाच्या कांड्यांसारख्या ओळीने उभ्या. आमच्याकडे पोरंठोरं उखळीच्या अंगावर चढतात. इथे माणसांना लांब बसवलेलं आणि आगीचा बंब तयार ठेवलेला.

अंधार पडू लागला तशा मामंजींनी पायातल्या वहाणा काढल्या. गावीही दारू उडवताना ते अनवाणीच असतात, देवाचं काम म्हणून, असं सगळेच समजतात. "इथे कुठला देव, मामंजी?" मी विचारलं. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी पायांचे दोन्ही तळवे गवतात दाबून धरले.

दिवे विझले. पार्कचे मालक, उंच, पांढऱ्या शर्टातले गृहस्थ, टेबलाशी जाऊन भाऊजींच्या कानात काहीतरी बोलले आणि मागे आले. आधी एकच गोळा सुटणार होता. भाऊजींनी हात वर केला, खाली आणला.

फुस्स.

कुकरची शिटी उचलल्यावर येतो तेवढाच आवाज. आणि मग काही नाही. दणका नाही, जमीन हलली नाही, वर जाणाऱ्या ठिणगीची शेपटीही दिसली नाही. नुसता काळोख. आणि शेखरभाऊजी टेबलामागे उठून उभे राहिले, पुढे वाकून बघायला.

लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी मला एक गोष्ट शिकवली होती. बत्ती दिल्यावर दणका आला नाही तर औट उखळीतच अडकलाय असं समजायचं, आता तो खालीच फुटणार. आधी आडवं व्हायचं, मग विचार करायचा.

"आडवं व्हाऽ!" मामंजी ओरडले.

आम्ही आडवे झालो. हे पालथे, मी पालथी, माझा हात ह्यांच्या डोक्यावर. मागच्या रांगेतले एक सूटबूटवाले गृहस्थसुद्धा चुरमुऱ्याच्या पुडीसकट आडवे झाले. तोंड गवतात खुपसलेलं असताना मला एवढंच कळत होतं की अडकला, अडकला, आणि भाऊजी उभे आहेत.

मग माझ्या नाकासमोरचं गवत उजळलं. हळदीसारखं पिवळं. पातं न् पातं दिसू लागलं, एका पात्यावर चाललेली मुंगीसुद्धा. त्यानंतर आवाज आला तो वरून, लांबून, आणि त्यामागोमाग शेकडो माणसांचा "हाऽऽ".

मी मान उचलली. मामंजी शेजारी नव्हते. दोरी ओलांडून ते केव्हा पोचले कुणास ठाऊक. ज्यांना बशी धरवत नाही ते मामंजी शेखरभाऊजींना जमिनीवर पाडून त्यांच्या अंगावर पालथे पडले होते.

मी, हे आणि सरोजा धावलो. मालकही धावले, "एनायितु? एनायितु?" करत. सरोजा त्यांना कन्नडमधून समजावू लागली, काही झालं नाही, सासरे आहेत, घाबरले.

"आबा, उठा," भाऊजी खालून म्हणत होते. "गेला तो. केव्हाच वर गेला."

"गेला व्हय?"

"गेला आबा. तो असाच जातो."

"मला कळलं न्हाई." मामंजी उठून बसले, पण भाऊजींचा डावा हात त्यांनी सोडला नाही. दोन बोटं नसलेला तो हात त्यांनी आपल्या दोन्ही कापऱ्या हातांत धरला होता. "त्या साली बी कळलं न्हाई. ढोल वाजत हुते, चौफेर औट सुटत हुते, कानावर भरवसा न्हाई. पायाला कळतं एरवी. पर दसऱ्याच्या नव्या वहाना घातल्या हुत्या म्या. जाड तळाच्या. मला वाटलं, बसला दणका. मीच तुला म्हटलं, जा, दुसरा भर."

मालकांना शब्द कळत नव्हते, तरी ते एक पाऊल मागे सरकले.

"तवापासनं दारू उडवताना पायात काय घालत न्हाई," मामंजी म्हणाले.

मी त्या घरात इतकी वर्षं आहे. त्यांच्या अनवाणी पायांना गावातली माणसं वाकून नमस्कार करतात, मीही करते.

भाऊजींनी आपल्या हाताकडे पाहिलं. "मला वाटायचं, मी नीट बघितलं नाही म्हणून तुम्ही माझ्यावर चिडलाय. म्हणून तुम्ही बोलत नाही."

"तुज्यावर कशापायी चिडू?" मामंजी म्हणाले, आणि ते रडायला लागले. बापाला रडताना पाहून ह्यांनी दुसरीकडे तोंड फिरवलं, आणि मी सरोजाच्या खांद्याला धरून उभी राहिले.

मालकांनी स्वतः मामंजींसाठी खुर्ची आणून आमच्या जागेवर ठेवली. सरोजाला म्हणाले, आजोबांची तब्येत ठीक असेल तर खेळ सुरू करू, लोक थांबलेत. भाऊजींनी टेबलावरची बटणाची पेटी उचलली. तिची वायर लांबलचक होती. ती उलगडत ते दोरीच्या अलीकडे आले आणि पेटी ह्यांच्या मांडीवर ठेवली.

"दादा, तू दाब. मी सांगतो तेव्हा."

"मी?"

"या घरात आता बत्ती तूच देणार ना? मग दे."

हे पेटीवर बोट ठेवून असे ताठ बसले जणू साहेब फोटो काढतोय. मी त्यांच्या शेजारी. भाऊजी म्हणाले, "हं." ह्यांनी दाबलं. फुस्स. "हं." फुस्स. मामंजी खुर्चीत पुढे झुकून माळावरच्या नळ्यांकडेच बघत होते. अनवाणी तळवे जमिनीवर दाबलेले. प्रत्येक फुस्सनंतर त्यांचे खांदे वर यायचे आणि वर उजेड झाला की खाली जायचे. मी ह्यांच्याकडे बघत होते. ह्यांचं तोंड तांबडं झालं, हिरवं झालं, मग निळं. कपाळावर घाम होता, पण दोन्ही हातांची सगळी बोटं पेटीवर होती.

बराच वेळ असा गेला. मग मामंजींचे खांदे वर आले ते खाली गेलेच नाहीत, ते हळूहळू मागे टेकले. त्यांनी पाय जमिनीवरून उचलून खुर्चीवर मांडी घातली.

"शेखर."

"काय आबा?"

"दसऱ्याला ह्यातली एक नळी घिऊन ये. बत्ती कुनी द्यायची न्हाई आता. ना म्या, ना दत्तानं."

"आणि देवाचा आवाज, आबा?"

वर काहीतरी पांढरं फुटलं आणि मामंजींच्या मिशा चमकल्या. "देवानं इतकी वर्सं ऐकला न्हवं? बास झालं. त्याला म्हनावं, आता वर बघ."

मग मीही वर पाहिलं.

धूर नव्हता. काळं स्वच्छ आभाळ होतं आणि त्यात आधी काहीही नव्हतं, ठिणगी नाही, शेपटी नाही, आणि मग एकदम मधोमध एक फूल होतं, आमच्या सगळ्या गावावर पसरेल एवढं. ते विझायच्या आत त्याच्या पोटात दुसरं, आणि दोन्ही तळ्यात. गाण्याचा ठेका आणि फुलणं यांच्यात केसाएवढंही अंतर नव्हतं. शेवटी सोनेरी धारा सुटल्या त्या वरून खाली येतच राहिल्या, पाण्याला टेकेपर्यंत, आणि इतकी माणसं बसली होती पण कुणाचा आवाज नव्हता. माझं तोंड उघडं राहिलं होतं, हे मला नंतर सरोजाने सांगितलं.

खरं सांगायचं तर शोभेच्या दारूच्या घरात सून होऊन आले, पण औट मी कधी पाहिलेलाच नव्हता. दर दसऱ्याला सगळं गाव आभाळाकडे बघतं, आणि मी उखळीजवळच्या माणसांकडे बघते. किती बत्ती द्यायला गेली होती, किती धड परत आली, हे बघते. वर काय फुललं ते मला लोक दुसऱ्या दिवशी सांगतात. त्या संध्याकाळी हे माझ्या शेजारी बसले होते आणि त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकला होता. त्यांच्याकडे बघायची मला गरजच नव्हती.